ग्लो ऑफ होप (चित्र)

'ग्लो ऑफ होप' हे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेले जलरंगातील चित्र आहे. ते 'वूमन विथ द लॅम्प' या नावानेही ओळखले जाते. हातात पेटता दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केलेली एक साडी नेसलेली स्त्री हा या चित्राचा विषय आहे. हे चित्र कर्नाटकातील म्हैसूर येथील जगनमोहन राजवाड्यात असलेल्या श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे.

केवळ रंग आणि कागद यांच्या साहाय्याने ज्योत खरोखर पेटली असल्याचा भास निर्माण करणारे चित्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. छापील प्रतींवर अनेकदा राजा रविवर्मा यांचे नाव घातले गेल्यामुळे ते दीर्घकाळ चुकीच्या श्रेयानेही ओळखले गेले.

चित्रकार

हळदणकर यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडी येथे झाला. सावंतवाडी ही त्या काळी सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला.

सावंतवाडी हे लाकडी खेळणी, लाखकाम आणि गंजिफा या कलांसाठी प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफात विष्णूच्या दहा अवतारांच्या छोट्या आकृती रंगवलेल्या असतात. या आकृतींमध्ये रंग सपाट आणि भरीव असतो, बाह्यरेषा स्पष्ट असते आणि प्रकाश कोणत्या दिशेने येतो हे दाखवलेले नसते. पत्त्याला झळाळी येते ती लाखेच्या थरामुळे, म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या खऱ्या उजेडामुळे. चित्रातील आकृतीवर चित्रातल्याच दिव्याचा उजेड पाडणे ही कल्पना या परंपरेत नाही. ती हळदणकर यांना मुंबईतील कलाशिक्षणातून मिळाली.

हळदणकर यांनी १९०३ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेत पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीचे शिक्षण दिले जात असे. समोर बसवलेल्या व्यक्तीचे निरीक्षण, छायाप्रकाशाचा अभ्यास आणि शरीररचनेचे ज्ञान हा त्या शिक्षणाचा पाया होता. १९०८ मध्ये हळदणकर यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षण संस्था सुरू केली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. 'मोहमेडन पिलग्रिम' या त्यांच्या चित्राला १९२५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

व्यक्तिचित्रण आणि निसर्गचित्रण या दोन्ही प्रकारांत त्यांनी काम केले. तैलरंग आणि जलरंग ही दोन्ही माध्यमे त्यांनी हाताळली. तथापि त्यांची ओळख प्रामुख्याने पारदर्शक जलरंगातील प्रभुत्वामुळे झाली. त्यांचे पुत्र गजानन हळदणकर हेही चित्रकार होते. सावळाराम हळदणकर यांचे निधन ३० मे १९६८ रोजी झाले.

चित्राचे स्वरूप

चित्रात एकच उभी आकृती आहे. एका हातात छोटा दिवा असून दुसऱ्या हाताचा पंजा वाऱ्यापासून ज्योत राखण्यासाठी आड धरलेला आहे. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांवर, चेहऱ्यावर आणि साडीच्या पुढील भागावर पडलेला दिसतो. ज्योतीपासून दूरचे भाग क्रमाने मंद होत जातात आणि पार्श्वभूमी अंधुक राहते. खोलीतील सामान, देव्हारा किंवा इतर माणसे यांपैकी काहीही दाखवलेले नाही. त्यामुळे दिवा, हात आणि चेहरा या तीन ठिकाणांभोवतीच पाहणाऱ्याची नजर फिरत राहते.

या चित्रासाठी हळदणकर यांची कन्या गीता उभी राहिली होती. दिवाळीत हातात दिवा घेतलेल्या मुलीला पाहून चित्राची कल्पना सुचली, अशी आठवण कुटुंबीयांकडून सांगितली गेली आहे.

हा प्रसंग मराठी घरांत नित्याचा आहे. तिन्हीसांजेला देवापुढे आणि तुळशीपुढे दिवा लावताना वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून हाताचा आडोसा केला जातो. दिवा धरलेल्या स्त्रीची आकृती धातुशिल्पातही रूढ आहे. 'दीपलक्ष्मी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या पितळी मूर्तीच्या हातात तेलवातीची पणती असते. मात्र दीपलक्ष्मीच्या हातात खरी वात पेटवता येते, तर चित्रात ती रंगाने निर्माण करावी लागते.

दीपप्रकाशाच्या चित्रणाची परंपरा

चित्रातच प्रकाशाचा उगम दाखवून त्याचा परिणाम भोवतालच्या आकृतींवर रंगवण्याची पद्धत युरोपात सतराव्या शतकात विशेष विकसित झाली. इटलीतील काराव्हाज्जो (१५७१–१६१०) याच्या चित्रांतील तीव्र छायाप्रकाशाचा प्रभाव अनेक चित्रकारांवर पडला. डच चित्रकार खेरित फान होन्टहोर्स्ट (१५९२–१६५६) याला रात्रीच्या दृश्यांमुळे इटलीत 'रात्रींचा खेरार्दो' या अर्थाचे टोपणनाव मिळाले. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) याच्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील 'सुतार संत जोसेफ' या चित्रात बाल येशू मेणबत्ती धरून उभा आहे आणि त्याच्या आड धरलेल्या बोटांमधून उजेड झिरपतो आहे. हाताच्या आडोशाची ही योजना 'ग्लो ऑफ होप'मधील योजनेशी मिळतीजुळती आहे. ब्रिटनमध्ये जोसेफ राइट (१७३४–१७९७) याने दिव्याच्या उजेडातील वैज्ञानिक प्रयोगांची दृश्ये रंगवली.

भारतीय लघुचित्रांतही रात्रीची दृश्ये आढळतात. सतराव्या शतकातील मोगल चित्रकार पयाग हा मशाली, शेकोटी आणि दिवे असलेल्या रात्रदृश्यांसाठी ओळखला जातो. रागमाला चित्रांतील दीपक रागाच्या चित्रणात दिव्याची ज्योत हे ठळक चिन्ह असते. तरी अनेक रागमाला चित्रांत दिवा पेटलेला असूनही आकृती सर्व बाजूंनी सारखीच उजळलेली असते. तेथे ज्योत रात्रीची खूण म्हणून येते. हळदणकर यांच्या चित्रात ज्योत हे उजेडाचे कारण आहे आणि प्रत्येक रंगछटा त्या कारणाशी बांधलेली आहे.

प्रकाशाभासाचे तंत्र

राखलेला कागद

रंग स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ आपल्यावर पडलेला प्रकाश परावर्तित करतो. प्रत्यक्ष खोलीत ज्योत आणि काळोखा कोपरा यांच्या तेजस्वितेत हजारो पटींचा फरक असू शकतो. पांढरा कागद आणि त्यावरील सर्वांत गडद जलरंग यांच्यातील फरक मात्र साधारण वीस ते तीस पटींचाच असतो. त्यामुळे ज्योत 'अधिक तेजस्वी' रंगाने रंगवणे शक्य नसते. ज्योतीखेरीज बाकी सर्व भाग तिच्याहून गडद ठेवणे हाच एक मार्ग उरतो.

तैलरंगात चित्रकार गडद पृष्ठभागावर शेवटी फिका, जाड रंग चढवून उजेड दाखवू शकतो. पारदर्शक जलरंगात हा क्रम उलटा असतो. तेथे पांढरा रंग वापरला जात नाही. कागदाचा पांढरेपणा हाच सर्वांत उजळ भाग असतो. म्हणून ज्योत आणि तिच्या लगतच्या जागा आरंभापासून कोऱ्या किंवा अत्यंत पातळ रंगात राखून ठेवाव्या लागतात आणि त्यांच्याभोवती एकावर एक पातळ थर देत काळोख वाढवत न्यावा लागतो. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पूर्ववत उजळ करणे जवळजवळ अशक्य असते. या माध्यमात दुरुस्तीला वाव अत्यल्प असल्यामुळे दिव्याच्या उजेडासारखा विषय जलरंगात हाताळणे हे कौशल्याचे लक्षण मानले जाते.

प्रकाशाचा उतार

लहान उगमापासून येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ज्योतीपासून २० सेंटिमीटरवर असलेल्या तळहातावर जितका उजेड पडतो, त्याच्या एक नवमांश उजेड ६० सेंटिमीटरवरील वस्त्रावर पडतो. हा उतार चित्रात सांभाळला गेला नाही तर आकृती दिव्याने उजळल्यासारखी न दिसता पिवळ्या रंगाने माखल्यासारखी दिसते.

दिशेचे बंधनही तितकेच महत्त्वाचे असते. ज्योतीकडे तोंड असलेले पृष्ठभागच उजळतात. दिवा छातीच्या उंचीवर असल्यास हनुवटीचा खालचा भाग, नाकाची खालची बाजू आणि वरच्या पापणीची खालची कड यांवर उजेड येतो. दिवसाच्या उजेडात नेमके हेच भाग सावलीत असतात. त्यामुळे ओळखीचा चेहराही दिव्याच्या उजेडात निराळा भासतो.

उष्ण आणि थंड रंग

तेलाच्या ज्योतीचा प्रकाश तांबूस-पिवळा असतो. त्याचे रंगतापमान सुमारे १,९०० केल्व्हिन असते, तर दुपारच्या उजेडाचे ५,५०० केल्व्हिनच्या आसपास असते. उजेडातील भाग पिवळा, नारिंगी अशा उष्ण रंगांकडे आणि सावलीतील भाग जांभळा, निळसर अशा थंड रंगांकडे झुकवल्यास दोन्ही एकमेकांना उठाव देतात. शेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा हा परिणाम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडला होता.

वस्तूचा मूळ रंगही उजेडाने बदलतो. पिवळसर उजेडात पांढरे वस्त्र पिवळे दिसते, निळे वस्त्र काळसर होते आणि लाल वस्त्र अधिक तेजस्वी दिसते. म्हणून साडीचा 'एक' रंग ठरवून तो सर्वत्र भरणे येथे चालत नाही.

बोटांमधील लाली

ज्योतीपुढे हात धरल्यास बोटांच्या कडा लालसर दिसतात. त्वचेतून आणि मांसातून काही प्रकाश आरपार जातो. त्यातील हिरवा आणि निळा भाग रक्तात मोठ्या प्रमाणावर शोषला जातो, तर लाल भाग तुलनेने अधिक बाहेर पडतो. बोटांच्या मध्यभागी मांस आणि हाड यांची जाडी जास्त असल्याने तेथे ही लाली मंदावते आणि कडांवर उठून दिसते. हात केवळ उजळ न दाखवता आतून तापल्यासारखा लाल दाखवल्यामुळे ज्योत हाताच्या पलीकडे आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

दृष्टिभ्रम

मध्यभागी पांढरा भाग आणि त्याच्याभोवती त्याच्या दिशेने हळूहळू उजळत जाणारी छटा अशी रचना असल्यास तो मध्यभाग स्वयंप्रकाशी असल्याचा भास होतो. तीच पांढरी जागा स्पष्ट, कापलेल्या कडेने घेरलेली असल्यास ती केवळ पांढरा कागद म्हणून दिसते. असा तेजाचा भास निर्माण करणाऱ्या आकृतींकडे पाहताना डोळ्यांच्या बाहुल्या किंचित आकुंचन पावतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कागदावरून येणारा प्रकाश वाढलेला नसतानाही दृष्टिसंस्था तो वाढल्याप्रमाणे प्रतिसाद देते.

लघुमूर्तींच्या रंगकामाशी साम्य

हीच तत्त्वे आज छोट्या मूर्ती आणि प्रतिकृती रंगवण्याच्या छंदातही वापरली जातात. पटावरील युद्धखेळांसाठी बनवलेल्या, सुमारे ३ सेंटिमीटर उंचीच्या मूर्तींच्या हातात मशाल, कंदील किंवा तेजस्वी शस्त्र असते. त्या उगमाचा उजेड मूर्तीच्या अंगावर पडल्याचा भास रंगाने निर्माण करण्याच्या तंत्राला 'ऑब्जेक्ट सोर्स लाइटिंग' असे म्हणतात.

सपाट चित्र आणि त्रिमितीय मूर्ती यांत एक महत्त्वाचा फरक आहे. चित्रातील सर्व उजेड चित्रकाराच्या ताब्यात असतो. मूर्तीवर मात्र खोलीतील खरा उजेडही पडतो आणि तो बहुधा वरून येतो. कंबरेशी धरलेल्या कंदिलाचा रंगवलेला उजेड खालून वर जाणारा असल्यास या दोन उजेडांचा मेळ बसत नाही. म्हणून मूर्तीचे मूळ रंग नेहमीपेक्षा बरेच गडद ठेवतात. कंदिलाकडे तोंड असलेल्या उंचवट्यांवर पातळ रंगाचे थर चढवतात आणि सर्वांत फिका रंग केवळ ज्योतीच्या जागी लावतात. उजेडाच्या वाटेत आलेला हात, पदर किंवा ढाल यांच्या मागील भाग काळोखातच ठेवावा लागतो.

या कामात नवशिक्यांकडून होणाऱ्या चुका दीपप्रकाशाच्या चित्रांतही आढळतात. उगमापेक्षा उजळलेला पृष्ठभाग अधिक फिका होणे, अंतर वाढले तरी उजेड कमी न होणे, उगमाकडे पाठ असलेले भागही उजळणे आणि संपूर्ण आकृती आधीच फिकी असल्याने उजेडाला जागाच न उरणे, या त्यांतील प्रमुख चुका होत.

महाराष्ट्रात दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यांवर मावळ्यांच्या छोट्या मूर्ती मांडण्याची पद्धत आहे. या मूर्तींचे पारंपरिक रंगकाम भडक आणि सपाट असते. किल्ल्यावर ठेवलेल्या पणत्यांचा खरा उजेड त्यांच्यावर पडत असल्यामुळे तेथे रंगवलेल्या उजेडाची गरज भासत नाही.

श्रेयाविषयीचा गैरसमज

'ग्लो ऑफ होप' हे चित्र राजा रविवर्मा यांचे असल्याचा उल्लेख छापील प्रती, दिनदर्शिका आणि समाजमाध्यमांवरील मजकूर यांत वारंवार आढळतो. रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. हे चित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी रंगवले गेले, त्यामुळे हे श्रेय कालदृष्ट्या अशक्य आहे.

गैरसमजाची काही कारणे संभवतात. जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहात रविवर्मा यांची अनेक चित्रे आहेत आणि हे चित्रही तेथेच आहे. साडी नेसलेली एकाकी स्त्री हा विषय रविवर्मा यांच्या चित्रांमुळे घराघरांत पोहोचलेला होता. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि त्यांच्या चित्रांच्या रंगीत प्रती देशभर पसरल्या. त्यामुळे वास्तववादी शैलीतील कोणत्याही भारतीय स्त्रीचित्राला त्यांचे नाव सहज जोडले जाऊ लागले.

चित्राचे माध्यमही या प्रश्नाचे उत्तर सुचवते. रविवर्मा यांची ख्याती मुख्यतः तैलरंगातील चित्रांवर आधारलेली आहे, तर हे चित्र जलरंगातील आहे. मूळ कागदासमोर उभे राहिल्यास हा फरक ओळखता येतो. छापील प्रतीत मात्र तैलरंग आणि जलरंग दोन्ही एकाच प्रकारच्या छपाईच्या शाईत दिसतात आणि माध्यमाची ही साक्ष नाहीशी होते. चुकीच्या श्रेयामुळे केवळ चित्रकाराचे नाव झाकले जाते असे नाही. कोऱ्या कागदातून ज्योत उभी करण्याचे जे कौशल्य हे या चित्राचे मर्म आहे, तेही दुर्लक्षित राहते.

प्रदर्शन आणि जतन

जगनमोहन राजवाडा १८६१ मध्ये तिसरे कृष्णराज वोडेयार यांच्या काळात बांधण्यात आला. १९१५ मध्ये त्याचे कलादालनात रूपांतर झाले. तेथे हे चित्र काळोख्या जागेत मांडलेले असते. भोवतालचा उजेड कमी असल्यामुळे पार्श्वभूमी अधिक गडद वाटते आणि ज्योतीचा भास वाढतो. चित्रामागे दिवा लावलेला आहे की काय, अशी शंका अनेक प्रेक्षकांना येते.

मंद उजेड जतनाच्या दृष्टीनेही योग्य ठरतो. जलरंगातील रंगद्रव्याचे थर अतिशय पातळ असतात आणि त्यांवर तैलरंगातील तेलासारखे आवरण नसते. प्रखर प्रकाशाने, विशेषतः त्यातील अतिनील किरणांनी, काही रंग फिके पडतात आणि कागद पिवळा होतो. म्हणून कागदावरील कलाकृतींसाठी सुमारे ५० लक्स इतकीच प्रकाशतीव्रता ठेवण्याची संग्रहालयांमध्ये शिफारस केली जाते. या चित्राच्या बाबतीत कागद पिवळा पडण्याचा अर्थ अधिक गंभीर आहे. येथे कोरा कागद हीच ज्योत असल्यामुळे कागदाचा पांढरेपणा मावळल्यास चित्रातील उजेडही त्या प्रमाणात मंदावेल.

हेही पाहा

सावळाराम लक्ष्मण हळदणकर
सर ज. जी. कलाशाळा
सावंतवाडी संस्थान
गंजिफा
दीपलक्ष्मी
राजा रविवर्मा
जलरंग